९८.६ नक्की कोणाचं?

प्रश्न: ताई, नमस्कार. माझं वय ३४. घरात मी, नवरा आणि सासूबाई (७४). नवीन डिजिटल थर्मामीटर आणल्यापासून मी दिवसातून सात-आठ वेळा टेम्परेचर वहीत लिहितेय आणि आता डोकं फिरायची पाळी आलीये. माझं सकाळी ९७.४ तर संध्याकाळी ९८.९, महिन्यातले काही दिवस तर सकाळीच ९८.२ आणि संध्याकाळी ९९.३. नवऱ्याचं कधीही बघा, ९६.८ नाहीतर ९७. सासूबाईंचं ९७ च्या आसपास. पुस्तकातलं ९८.६ आमच्या घरात कोणाचंच नाही! मागच्या महिन्यात नवरा कुडकुडत पांघरूण घेऊन पडला होता, थर्मामीटर म्हणे ९८.७, मी म्हटलं ताप नाहीये, नाटकं करू नकोस, आणि रात्री १०२ चढला. सासूबाईंचं त्याहून वाईट झालं. दोन दिवस गळून गेल्या होत्या, ‘अंगात ताप आहे गं’ म्हणत होत्या, पण आकडा ९९.२ च्या वर गेला नाही म्हणून आम्ही थांबलो आणि नंतर युरिन इन्फेक्शन निघालं. आमच्यात नॉर्मल कोण? आणि मला रोज संध्याकाळी बारीक ताप येतो का? वहीच्या पानांचे फोटो जोडलेत.
ता.क. कपाटात जुना पाऱ्याचा थर्मामीटर सापडलाय, तो टाकून देऊ का?
– थर्मामीटरवाली

उत्तर:

थर्मामीटरवाली, तुझी वही मी दोनदा वाचली, आणि ‘अगं’च म्हणते तुला, कारण वयाने मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे आणि ३० वर्षं वॉर्डात टेम्परेचरचे चार्ट भरलेत. डॉक्टर नाही मी, सिस्टर होते. त्यामुळे औषधाचं काही सांगणार नाही, पण आकड्यांचं सांगू शकते, त्यात माझा हात बसलेला आहे.

आधी तुझ्या वहीतली गंमत सांगते जी तुझ्या लक्षातच आली नाहीये. प्रत्येक नावापुढे तू कंसात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंयस. तुझ्यापुढे ‘जीभ’, नवऱ्यापुढे ‘काख’, आणि सासूबाईंपुढे ‘गन’, म्हणजे ते कपाळासमोर धरायचं यंत्र. अगं मग तुलना कसली करतेस! काखेतला आकडा जिभेखालच्या आकड्यापेक्षा साधारण अर्धा ते एक डिग्री फॅरेनहाइटने कमीच येतो, कारण काख म्हणजे शेवटी बाहेरची कातडी, आतली उब तिथे पूर्ण पोचत नाही. म्हणजे नवऱ्याचं ते ९६.८ जिभेखाली घेतलं असतं तर साडेसत्त्याण्णवच्या आसपास आलं असतं, आणि तुझं सकाळचं ९७.४ आहे, म्हणजे तुम्ही दोघं जवळजवळ सारखेच निघालात की. आणि कपाळाच्या गनचं तर विचारूच नकोस, घाम असला की कमी दाखवते, उन्हातून आलं की जास्त दाखवते, यंत्र थोडं लांब धरलं की अजून तिसरंच. गर्दीतल्या माणसांवर पटकन नजर टाकायला ती बरी आहे पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचा ताप तिच्यावर ठरवू नको.

आता समजा तिघांनी एकाच जागी, एकाच यंत्राने, एकाच वेळी घेतलं तरी आकडे सारखे येतील का? नाही येणार. आणि तुझा खरा प्रश्न तो आहे.

हे ९८.६ आलं कुठून ते ऐक, म्हणजे त्याचा धाक कमी होईल. जर्मनीत लाइपझिग शहरात कार्ल वुंडरलिख नावाचे डॉक्टर होते, त्यांनी २५,००० च्या वर पेशंटची टेम्परेचर घेऊन घेऊन १८६८ मध्ये मोठं पुस्तक छापलं. थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब, काखेत धरायचा, आणि पंधरा-वीस मिनिटं धरून बसायचं! (आम्हाला एक मिनिट पेशंटला गप्प बसवणं जमायचं नाही, त्यांनी वीस मिनिटं कशी बसवली देव जाणे.) त्यातून त्यांनी सरासरी काढली ३७ डिग्री सेल्सियस. आता ३७ हा कसा मोकळाढाकळा, पूर्णांकात आलेला आकडा आहे बघ, म्हणजे ‘साधारण एवढं’. पण त्याचं फॅरेनहाइट करताना नवाने गुणा, पाचाने भागा, बत्तीस मिळवा, की येतात बरोब्बर ९८.६. तो पॉइंट सहा गणितातून आलाय गं, माणसाच्या अंगातून नाही. आणि एकदा पॉइंट लागला की माणसाला वाटतं, बापरे, किती काटेकोर मोजलंय! आणि स्वतः वुंडरलिखनी सुद्धा नॉर्मल म्हणजे एकच आकडा असं कधी म्हटलं नव्हतं, ते खालपासून वरपर्यंतचा पट्टाच सांगत होते, दिवसात कमी-जास्त होतं, बाई-पुरुषात थोडा फरक असतो, म्हाताऱ्या माणसाचं कमी असतं, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलंय. लोकांनी पट्टा सोडून दिला आणि मधला आकडा उचलला.

पुढे १९९२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडच्या डॉक्टरांनी १४८ धडधाकट तरुण बायका-पुरुषांचं, १८ ते ४० वयाचे सगळे, जिभेखालून सातशे वेळा टेम्परेचर घेतलं. सरासरी आली ९८.२. आणि बरोब्बर ९८.६ किती वेळा आलं असेल? शंभरातून आठ वेळा फक्त! म्हणजे तुझ्या घरात ते कोणाचंच नाही यात काही विशेष नाही, बहुतेक घरांत कोणाचंच नसतं. त्याच लोकांत सकाळी सहाला निरोगी माणसाची वरची हद्द साधारण ९९ होती आणि दुपारी चारला जवळजवळ १००. म्हणजे एकच ९९.५ हा आकडा सकाळी उठल्या उठल्या दिसला तर जरा भुवया उंचावाव्यात आणि संध्याकाळी दिसला तर खुशाल आपापल्या कामाला लागावं. त्यामुळे तुझं संध्याकाळचं ९८.९ म्हणजे बारीक ताप बिलकुल नाही. पहाटे शरीर सगळ्यात गार असतं, दुपारी चार ते संध्याकाळी सहाच्या मधे सगळ्यात गरम, आपल्या मेंदूतलं घड्याळच तसं लावलेलं आहे. रात्रपाळी करणाऱ्यांचं हे घड्याळ इकडेतिकडे सरकतं, ते वेगळं. सरासरी चढउतार एक डिग्री फॅरेनहाइटच्या आतबाहेर, पण हा सुद्धा माणसागणिक वेगळा, काहींचं दिवसभर ढिम्म हलत नाही आणि काहींचं दोन डिग्रीपर्यंत खालीवर होतं आणि दोघंही ठणठणीत.

आता तुझे ते ‘काही दिवस सकाळीच ९८.२’. हे वाचताना मला हसूच आलं कारण उत्तर तुझ्याच वहीत आहे. महिन्याच्या पानावर ३ तारखेपासून १५ पर्यंत सकाळचे आकडे ९७.३, ९७.४, ९७.४ असे सरळ चाललेत. १६ ला ९७.९. १७ ला ९८.१. मग थेट २८ पर्यंत ९८.२ च्या आगेमागे. आणि ३० ला परत खाली ९७.५, आणि त्याच ३० तारखेच्या समासात तू पेनाने एक छोटा गोल काढलायस. तो गोल कशाचा हे मी विचारत नाही, बायकांच्या कॅलेंडरवर असे गोल मी आयुष्यभर बघितलेत. अगं ते तुझं बीज सुटल्यानंतरचे दिवस आहेत. स्त्रीबीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते शरीराचा थर्मोस्टॅट अर्धा ते एक डिग्री फॅरेनहाइटने वर सरकवतं, पाळी आली की ते उतरतं आणि टेम्परेचरही उतरतं. मूल हवं असणाऱ्या कितीतरी बायका रोज पहाटे अंथरुणातून उठायच्या आधी मुद्दाम हेच मोजतात, आणि तुला ते चुकून सापडलं आणि तू घाबरलीस! फक्त लक्षात ठेव, टेम्परेचर वर चढून बीज सुटल्याचं कळतं तेव्हा ते सुटून गेलेलं असतं, त्यामुळे हे बघून ‘आता सेफ दिवस’ वगैरे हिशोब करायच्या भानगडीत नीट शिकल्याशिवाय पडू नको. आणि चढलेलं टेम्परेचर अठरा-वीस दिवस उतरलंच नाही आणि समासात गोलही आला नाही तर थर्मामीटर ठेव आणि प्रेग्नन्सी टेस्ट कर.

नवऱ्याचं सांगते. तुझं त्याला ‘नाटकं करू नकोस’ म्हणणं (लिहिलंस ते बरं केलंस, बहुतेक जण लपवतात) दोन कारणांनी चुकलं. एक तर काखेतलं त्याचं नेहमीचं ९६.८, त्याचं ९८.७ झालं, म्हणजे जवळजवळ दोन डिग्री चढलं होतं. तुझ्या डोळ्यांना ते ‘९८.७ म्हणजे नॉर्मलच की’ असं दिसलं कारण तू त्याच्या वहीऐवजी छापलेल्या आकड्याशी ताडून बघितलंस. दुसरं म्हणजे तो कुडकुडत होता. ताप कसा चढतो बघ. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा एवढासा भाग आहे, तो म्हणजे शरीराचा थर्मोस्टॅट. जंतू शिरले की शरीरातली काही रसायनं तिथे जाऊन सांगतात की बाबा सेटिंग वर कर. समजा त्याने सेटिंग १०२ केलं. अंग मात्र अजून ९८ लाच आहे. मग शरीराला काय वाटणार? की आपण गार पडलोय! म्हणून ते कातडीकडचं रक्त आत ओढून घेतं, हातपाय बर्फासारखे होतात, रोम उभे राहतात, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. ती हुडहुडी. म्हणजे ज्या क्षणाला माणूस सगळ्यात जास्त कुडकुडत असतो त्या क्षणाला थर्मामीटर अजून मागे असतो, गाडी घाटाच्या पायथ्याशी असते. हुडहुडी भरलेल्या माणसाचं टेम्परेचर एकदा घेऊन निकाल द्यायचा नाही, अर्ध्या-एक तासाने परत घ्यायचं. आणि मग घाम फुटतो तेव्हा सेटिंग खाली आलेलं असतं. पॅरासिटामॉल हेच करतं, ते सेटिंग वर धरून ठेवणारं रसायन कमी करतं. म्हणूनच गोळी घेतल्यावर दोन तासांनी मोजून ‘बघ ताप नाहीच’ म्हणण्यात अर्थ नाही, तो आकडा गोळीचा असतो.

(जाता जाता, उन्हात राबून किंवा बंद गरम जागेत काम करून अंग तापणं हा वेगळा प्रकार आहे, तिथे सेटिंग बदललेलं नसतं, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते, त्यामुळे तिथे पॅरासिटामॉल उपयोगाचं नाही. अंग भाजतंय आणि माणूस बरळायला लागला तर गार पाण्याने अंग भिजवत, वारा घालत थेट हॉस्पिटल गाठायचं, मोजत बसायचं नाही.)

आता सासूबाई. तुझ्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात जास्त टोचला, कारण माझ्या हातून हेच झालंय. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. ऑपरेशन झालेले एक आजोबा होते, संध्याकाळच्या राऊंडला मला म्हणाले, सिस्टर, आज कणकण आहे हो अंगात. मी पारा बघितला, ९८.८. चार्टवर टिंब टाकलं, ‘ताप नाही आजोबा, झोपा’ म्हटलं आणि पुढच्या कॉटकडे गेले. रात्री आमच्या सीनियर सिस्टर आल्या, त्यांनी माझं टिंब बघितलं आणि मग बोटाने मागे मागे जात गेल्या. ९६.९, ९७, ९६.८, ९७.१, चार दिवस. मला म्हणाल्या, मागची पानं कोण वाचणार, मी का? आजोबांच्या टाक्यांत पू झाला होता, सकाळी १०१ होता. वाचले आजोबा, पण मला अजून तो चार्ट दिसतो, सरळ चाललेली टिंबं आणि शेवटचं एक टिंब जरासं वर, आणि ते वर गेलेलं टिंब मीच माझ्या हाताने काढलेलं.

म्हातारपणी शरीराचं मूळचंच टेम्परेचर थोडं खाली येतं. २०१७ मध्ये पस्तीस हजारांवर पेशंटचे, ज्यांना इन्फेक्शन नव्हतं अशांचे, आकडे एकत्र तपासले गेले त्यातही हे दिसलं, वय वाढेल तसं हळूहळू खाली. आणि त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट दिसली जी मला जास्त महत्त्वाची वाटते, ती ही की वय, बाई-पुरुष, वजन, दिवसाची वेळ, आजार हे सगळं धरूनसुद्धा माणसामाणसात फरक उरतोच. काहींचं आपलं मुळातच थोडं गरम, काहींचं थोडं गार, जसं कोणी उंच कोणी बुटकं. वयस्कर माणसाची दुसरी अडचण म्हणजे इन्फेक्शन झालं तरी ताप चढवायची ताकद कमी झालेली असते, कधीकधी चढतच नाही. म्हणून वृद्धाश्रमात राहणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांनी तापाची व्याख्याच वेगळी केलीये: तोंडात एकदा जरी १०० च्या वर गेला तरी ताप, पुन्हा पुन्हा ९९ च्या वर दिसत राहिला तरी ताप, आणि स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन डिग्री फॅरेनहाइटने वाढला तरी ताप. यातल्या तिसऱ्या अटीवर बोट ठेव. नेहमीचं ९७ असणाऱ्या बाईचं ९९.२ म्हणजे दोन डिग्रीच्या वर झालं की. सासूबाई बरोबर सांगत होत्या, त्या बेभरवशाच्या गननेही चढ दाखवला होता, फक्त ९७ कोणी आठवलं नाही.

आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत आकड्याच्या आधी माणूस बघायचा. जेवण टाकलं, पाणी कमी झालं, नेहमीपेक्षा जास्त झोपून राहिल्या, बोलण्यात गोंधळ झाला, वार विसरल्या, अचानक तोल गेला, लघवीला जळजळ किंवा सारखं जाणं, यातलं काही नव्याने सुरू झालं असेल तर थर्मामीटर काहीही म्हणो, डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. आणि डॉक्टरांना सांगताना ‘९९.२ आहे’ एवढंच सांगू नको, ‘नेहमी ९७ असतं, आज ९९.२ आहे’ असं सांग. पहिलं वाक्य ऐकून कोणीही म्हणेल काही नाही हो, दुसरं ऐकल्यावर समोरचा जरा सरसावून बसतो. हे मी फोनच्या दुसऱ्या बाजूला बसून अनुभवलंय.

मग १००.४ ची जी रेघ सगळीकडे सांगतात ती खोटी का? खोटी नाही. ३८ सेल्सियस म्हणजे १००.४, कारण अनोळखी माणूस दारात आला तर हॉस्पिटलकडे त्याची मागची पानं नसतात, त्यांना कुठेतरी रेघ मारावीच लागते आणि त्या रेघेच्या वर निरोगी माणूस सहसा जात नाही. घरात तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ती रेघ दगडावरची समज, तिथे ‘आमच्या बाळाचं मुळात गरमच असतं’ असलं काही चालायचं नाही, १००.४ दिसलं की लगेच डॉक्टर. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाचंही तसंच, त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी जो आकडा दिलाय तो पाळायचा. पण तुझ्यासारख्या घरात, जिथे तीच तीन माणसं रोज समोर आहेत, तिथे मागची पानं उपलब्ध असताना ती न वाचता फक्त रेघ बघणं म्हणजे अडाणीपणाच झाला, रागावू नको.

तू अजून एक विचारलं नाहीस पण विचारशील म्हणून सांगते, की ९६.८, ९७ हे कमी नाही का, थायरॉईड वगैरे. थायरॉईड कमी असणाऱ्यांचं टेम्परेचर थोडं कमी असू शकतं हे खरं, पण नुसत्या थर्मामीटरवरून थायरॉईड कळत नाही, त्याला रक्ताची टीएसएच टेस्ट आहे. थकवा, वजन वाढणं, सारखी थंडी वाजणं असं काही असेल तर ती करून घ्यावी, नाहीतर काखेतलं ९६.८ हे अगदी साधं काखेतलं ९६.८ आहे. खरोखरचं गार पडणं म्हणजे ९५ च्या खाली, आणि तिथे माणूस आपणहून दिसतोच आजारी. उलट गंमत अशी की माणसं एकंदरच गार होत चाललीयेत! २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या लोकांनी तिथल्या यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांच्या जुन्या नोंदींपासून ते अलीकडच्या पेशंटपर्यंत पावणेसात लाखांवर आकडे लावून बघितले, तर दर दहा वर्षांच्या पिढीमागे साधारण ०.०३ सेल्सियसने टेम्परेचर उतरत आलंय. त्यांचा अंदाज असा की पूर्वी क्षयरोग, किडलेले दात, जुनाट जखमा अशी काही ना काही धग बऱ्याच लोकांच्या अंगात कायम असायची, ती कमी झाली. म्हणजे वुंडरलिखच्या काळातला माणूस बहुधा खरंच थोडा गरम होता, आणि आपण त्याच्या मापाचा सदरा घालून ‘मला ढगळ का होतोय’ विचारतोय.

आता काम सांगते, आणि एवढंच करायचं. घरातल्या तिघांनी, कोणालाही काही होत नसताना, एक आठवडा दिवसातून दोनदाच घ्यायचं. एकदा सकाळी उठल्या उठल्या, एकदा संध्याकाळी चार ते सहाच्या मधे. तिघांचंही जिभेखाली, म्हणजे मधोमध नाही, जिभेच्या बाजूला मागे जिथे खोबण असते तिथे टोक सरकवायचं, ओठ मिटायचे, बोलायचं नाही. गरम किंवा थंड काही प्यायलं असेल तर अर्धा तास थांबायचं, नाहीतर तू त्या पेल्याचं टेम्परेचर घेतेस. सासूबाईंना तोंडात धरणं जमत नसेल तर त्यांचं काखेतच घे, काख पुसून कोरडी करून, हात छातीशी घट्ट दाबून, पण मग कायम काखेतच, आणि वहीत ‘काख’ लिहिलेलं असू दे. तुझं मात्र एक आठवडा पुरणार नाही, तुझे दोन आकडे आहेत, गोलाच्या आधीचा आणि नंतरचा, ते तुझ्याकडे आधीच आहेत. झालं. प्रत्येकाचे सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही आणि वही बंद कर. दिवसातून सात-आठ वेळा मोजून काय मिळतं सांगू? हात धुतला, जिना चढलीस, वाद घातलास, पाणी प्यायलीस, की आकडा हलतो आणि तू त्याच्यामागे धावतेस. बरं, डिजिटल यंत्र स्वतःच पॉइंट एक-दोनने इकडेतिकडे होतं. ९७.४ आणि ९७.६ मधे काहीही फरक नाही, कृपा करून त्याला लाल पेनाने गोल करू नको, वहीत असे अकरा गोल मोजले मी.

परत वही कधी उघडायची? कोणाला कसकस वाटली, अंग मोडून आलं, तर. त्या व्यक्तीच्या पहिल्या पानावरच्या आकड्याशी, त्याच वेळच्या आकड्याशी ताडायचं. डिग्री-दीड डिग्री वर असेल तर त्याच्यासाठी तो ताप आहे असं धरून आराम, भरपूर पाणी, आणि तासाभराने परत एकदा. ताप तीन दिवसांच्या वर टिकला, किंवा मान आखडली, श्वास लागला, अंगावर पुरळ आलं तर घरी थांबायचं नाही. आणि तुझ्या संध्याकाळच्या आकड्याबरोबर वजन उतरणं, रात्री कपडे भिजतील एवढा घाम, दोन आठवड्यांच्या वर खोकला यातलं काही असेल तर मग ते संध्याकाळचं नॉर्मल म्हणून सोडायचं नाही, तपासून घ्यायचं. पत्रात तू असलं काही लिहिलेलं नाहीस, म्हणून मी निर्धास्त आहे.

राहिला पाऱ्याचा थर्मामीटर. तो अचूक असतो हे खरं, आम्ही जन्मभर त्याच्यावरच काम केलं, मनगटाला झटका देऊन पारा खाली उतरवायची सवय अजून हाताला आहे, रिकामा पेन हातात आला तरी झटकते. पण फुटला की पारा घरभर पळतो आणि त्याची वाफ फुप्फुसात जाते, म्हणूनच मिनामाटा करारात जगभरातले देश पाऱ्याचे थर्मामीटर बंद करायला तयार झाले. तर तो कचऱ्याच्या डब्यात टाकू नको. जाड काचेच्या किंवा प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत कापसात गुंडाळून ठेव, वर ‘पारा’ असं लिही, आणि घातक कचरा किंवा ई-कचरा जिथे वेगळा घेतात तिथे विचारून दे. आणि त्याआधी कधी फुटलाच तर झाडू मारू नको आणि व्हॅक्यूम तर मुळीच नको, त्याने वाफ जास्त पसरते. खिडक्या उघड, पंखा बंद, सासूबाईंना दुसऱ्या खोलीत बसव, आणि हातमोजे घालून दोन जाड कागदांनी गोळ्या एकमेकींकडे ढकलत ढकलत गोळा कर. उरलेले बारीक थेंब चिकटपट्टीला येतात, टॉर्च जमिनीलगत तिरका धरलास की ते चमकतात.